एक चौकोन, दहा किलोमीटर

अप्पांनी नकाशा विकत आणू दिला नाही.
कपाटाच्या तळातून काढला उरलेला आलेखाचा कागद,
ज्यावर छत्तीस वर्षं त्यांनी चादरीचे मोर काढले,
हरणं काढली, आणि वाघ:
शेपटीला अकरा चौकोन, डोळ्याला दोन,
एक काळा, एक रिकामा.
कारखाना बंद झाला, कागद उरला.

"एक चौकोन म्हणजे दहा किलोमीटर," म्हणाले
आणि पेन्सिल जिभेला लावली.

तुळजापूर साडेचार. लातूर बारा.
नांदेडला मुक्काम; व्यंकम्मा आत्याची नणंद तिथे राहते,
राहत असेल अजून.
मग टिपेश्वर, मग ताडोबा,
पेंच, आणि परत येताना मेळघाट.
ताडोबा मंगळवारी बंद असतं, हे बुधवारी कळलं,
तेव्हा आखलेला सगळा आठवडा उसवला.
अंबादास म्हणाला, फोनला विचारा ना, एका मिनिटात सांगेल.
अप्पा खोडरबर शोधत राहिले.

माझ्याकडे गाडी: टायर, विमा, जुन्या अल्टोचा कुरकुरणारा पट्टा.
माझा रिव्हर्स अजून कच्चा आहे.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या घरात रस्त्याला दारी म्हणतात
आणि दोऱ्याला दारम्.
तिसरीत मी निबंधात लिहिलं होतं,
'माझ्या दारी बस येते.'
बाईंनी बरोबरची खूण केली.
मला रस्ता म्हणायचा होता.

अम्माला कुणी विचारलंच नव्हतं.
ती उंबऱ्याशी बसून पत्र्याच्या मापाने पान कापत होती.
कात्री न थांबवता म्हणाली,
"पानं जिथनं येतात, तिथं न्या."
रोजच्या हजार विड्या, लग्नाच्या आधीपासून,
आणि तेंदूचं पान तिने पाहिलं ते
पुडक्यात बांधलेलं, ओल्या गोणपाटात भिजलेलं,
आमच्या खोलीला जंगलाचा वास देणारं.
"झाड बघायचंय. उभं. तोडणीच्या आधी."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
नवेगावकडे वळायचं तर चौकोन वाढतात,
एक रात्र वाढते, माझी रजा वाढते.
कागद संपला.
त्यांनी दुसरा कागद खळ लावून जोडला
आणि वाळेपर्यंत कुणाला पंखा लावू दिला नाही.
सोलापुरात. मार्चमध्ये.

पहिला थांबा मात्र नान्नज, यावर ते अडून बसले.
दोन चौकोन! त्याला काय थांबा म्हणायचं?
"घरचं आधी."
म्हणून रविवारी तालीम केली:
कडक भाकरी, शेंगाचटणी, पाण्याचे दोन कॅन,
आणि बाळे सोडल्यावर कळलं, रस्ता चुकला.
मागे वळवताना मी एका बाभळीला टेकले.

माळरान म्हणजे काहीच नाही, असं आधी वाटतं.
मग गवत हलतं.
माळढोक दिसला नाही.
कोकरे वनरक्षक म्हणाले, थांबा की, मीही थांबतो कधीपासून.
चार काळवीट आले, उन्हातून चालत,
एक थांबला, आमच्याकडे बघून चघळत राहिला.
अप्पा कितीतरी वेळ बोलले नाहीत.
मग तेलुगूत, स्वतःशीच: "पाय चुकले माझे.
पुढचा पाय असा मोडत नाही."

छत्तीस वर्षं.
कुठल्या कुठल्या गावांत
चुकीच्या पायांची हरणं पांघरून झोपली असतील माणसं,
बाळंतिणी, म्हातारे, पावण्यांची पोरं.
अम्माने तोंडाला पदर लावला, हसू लपेना.
"ऊब तर बरोबर होती की," म्हणाली
आणि भाकरीचा तुकडा मोडला.

घरी येऊन अप्पांनी नान्नजचे दोन चौकोन
रिकामेच ठेवले.
ताडोबाच्या जागी काढून ठेवलेला छोटा वाघही
खोडला. म्हणे, आधी बघू.

सोळा एप्रिलला निघायचं ठरलंय.
टायरवाल्याचा फोन अजून आलेला नाही.